भिलाईहून आणलेलं घड्याळ

भिलाईला कोणी घड्याळ आणायला जात नाही. लोक नोकरीला जातात, ठेके मिळवायला जातात, हल्ली तर नुसता पोलादाचा कारखाना बघायलाही जातात. मी घड्याळासाठी गेलो. परत आल्यापासून शाळेत आणि गल्लीत जो तो विचारतो, भट्टी पाहिली का, कारखाना उभारायला आलेले रशियन पाहिले का. पाहिलं बापा, सगळं पाहिलं. सांगतोही. पण आधी नानाचं सांगितल्याशिवाय माझ्याच्याने पुढे सरकवणार नाही.

नाना माझा मोठा भाऊ. नागपुरात वकिली करायचा, आणि वकिलीत जे कमावलं ते घड्याळांत घातलं. मनगटी घड्याळं, तीही जुनी, आणि जुन्यांतलीसुद्धा अशी की जी मोजकी बनली आणि पुन्हा कोणी बनवली नाहीत. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली तेव्हा आसपासच्या मोठ्या घरांतून बग्ग्या विकायला निघाल्या, झुंबरं निघाली. नानाने फक्त घड्याळं घेतली. पहिल्या महायुद्धातलं एक, काचेवर जाळी बसवलेलं. एक पांढऱ्याशुभ्र मिन्याच्या तबकडीचं. एक चौकोनी, सोन्याचं, इतकं चपटं की सदऱ्याच्या बाहीखाली आहे की नाही कळायचं नाही. ओरखडा असला तर तो घासू द्यायचा नाही, काटा काळवंडला असला तर बदलू द्यायचा नाही. मी एकदा चिडून म्हटलं, वेळ तर माझं साधं घड्याळही दाखवतं, मग हे वेड कशाला? तेव्हा त्याने एकाची पाठ उघडून भिंग माझ्या डोळ्याला लावलं. म्हणाला, ‘जिथं कोणी कधी पाहणार नाही तिथंही त्या माणसानं चाक घासून लखलखीत केलं आहे. ते पाहणारा एक तरी माणूस पाहिजे ना रे.’ मी चित्रकलेचा मास्तर, मला ते पटलं.

मग काचबिंदूने नानाची नजर गेली. सुरुवातीला तो घड्याळांची पेटी मांडीवर घेऊन बसायचा, एकेकाला चावी द्यायचा, कानाला लावायचा. मग चावी देणं थांबलं. दिवाळीपासून त्याने पेटी मागितलीच नाही, हे मला वहिनीने सांगितलं. जेवण अर्ध्यावर आलं. दिवसभर पडवीत बसून एकच विचारणं, किती वाजले रे, बापू? कुठे जायचं नसतं, कोणी यायचं नसतं. तरी विचारायचा. आपण वेळ सांगितली की मान हलवायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.

एकच घड्याळ असं होतं, ज्याला डोळे लागत नव्हते. ते नानाने फार वर्षांपूर्वी गोंदियाच्या फलाटावर ऐकलं होतं. दिवे गेले होते, जबलपूरची छोट्या लाइनची गाडी यायची होती, आणि नानाने अंधारात एका गार्डाला वेळ विचारली. गार्डाने मनगट नानाच्या कानाशी धरलं आणि कडेची कळ ओढली. आतून घंटा वाजली. जाड आवाजात तास, मग दोन्ही आवाज मिळून पाव तास, मग बारीक आवाजात मिनिटं. असली खिशातली घड्याळं नानाने पाहिली होती. मनगटावरचं नाही. एवढ्याशा जागेत दोन हातोड्या आणि दोन घंटेच्या तारा बसवायच्या म्हणजे गंमत नाही, ती राजेरजवाड्यांसाठीच बनली. या गार्डालाही ते छत्तीसगडातल्या एका राजाने दिलेलं, राजकन्येची सासरी जाणारी स्पेशल गाडी सुखरूप नेली म्हणून. नानाने तिथल्या तिथे मागितलं, गार्ड हसून नाही म्हणाला. नाना आयुष्यभर त्या घड्याळाबद्दल बोलत राहिला.

मी ठरवलं, ते आणायचंच. तेच गार्ड, दामोदरजी, आता निवृत्त होऊन भिलाईला मुलाकडे राहतात असं कळलं. मी एका ओळखीच्या गार्डाबरोबर निरोप धाडला, आणि तसाच हातोहात उलटा निरोप आला: घडी एकदम सांभाळून ठेवली आहे, या. नानाला सांगितलं. त्या दिवशी तो ताटातलं सगळं जेवला.

डोंगरगडच्या पुढे

चैत्रातलं नवरात्र चालू होतं, त्यामुळे डोंगरगडपर्यंत डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बमलाई देवीच्या दर्शनाला निघालेली माणसं नारळाची पोती माझ्या पायांवर ठेवून निवांत झोपली होती. कालपरवापर्यंत हा सगळा मुलूख आणि आमचं नागपूर एकाच राज्यात होतं. आता सालेकसा सुटलं की राज्य बदलतं म्हणे. मला तरी खिडकीतून बदललेलं काही दिसलं नाही. तोच पळस, तीच मोहफुलं वेचणारी माणसं. डोंगरगडला डबा रिकामा झाला आणि मी पाय पसरले. शेजारी एक छत्तीसगडी म्हातारी होती. तिने कथलाच्या डब्यातून पाण्यात भिजवलेला शिळा भात काढला, वर कांदा आणि मीठ, आणि मला न विचारता पानावर वाढला. याला बासी म्हणतात. आमच्याकडे शिळा भात गायीला घालतात. मी तोंड वाकडं केलं होतं, पण त्या उन्हात तो भात पोटात असा गार उतरला की मी दुसऱ्यांदा मागून घेतला.

रसमडा गेलं आणि हवेला लाल रंग चढला. मुरमाची धूळ. दुर्गला उतरून बस धरली तेव्हा माझ्या पांढऱ्या धोतराची पार वाट लागली होती. लांबून भट्टीची धुराडी दिसली. आजूबाजूला अजून गावं होती, तळी होती, म्हशी होत्या, आणि मधेच हे.

सारख्या दाराचे क्वार्टर

भिलाईत पहिली फजिती झाली ती घर शोधताना. सेक्टर म्हणजे आखलेल्या वहीसारखा, सगळ्या ओळी सारख्या, सगळी दारं सारखी, झाडं लावलेली पण गुडघ्याएवढी. मी ज्या घरात शिरलो ते निघालं एका तेलुगू माणसाचं. त्याला माझं कळेना, मला त्याचं. त्याने मला बसवलं, पेलाभर कॉफी पाजली, आणि बाहेर येऊन हाताने दाखवलं की अशीच पण पुढची ओळ. त्याच्या बायकोने मोडक्या हिंदीत सांगितलं, स्वतः तिचा नवराही कामावरून येताना दोनदा दुसऱ्याच्या घरात शिरला आहे. नागपुरात आमच्या महाल भागात आंधळाही आपलं घर बरोबर शोधतो. हा विचार मनात आला आणि मीच चरकलो.

दामोदरजी बाहेर ओट्यावरच होते. उंच, वाळलेले, अजून गार्डाची ऐट असलेले. त्यांना गोंदियाचा फलाट आठवत होता, वकीलही आठवत होता. नानाचे डोळे गेले हे ऐकून त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मुलगा वसंता कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये फिटर, पहिल्या पाळीवर गेलेला. लेक शकुन, गेल्या उन्हाळ्यात लग्न झालेली, माहेरी आली होती. तिने पाणी आणलं. गोरीपान, हसरी पोर, नवं डोरलं पदराबाहेर झळकत होतं.

मला घाई झाली होती, पण जेवल्याशिवाय विषय काढायचा नाही ही आपली रीत. गोळाभात होता, भातात बेसनाचे गोळे, वर लसणाच्या फोडणीचं तेल, बाजूला चिंचेचं सार. अगदी घरचं जेवण. घरात मराठी, आणि दाराबाहेर पाय पडला की हिंदी, असं त्यांचं चाललेलं. एवढ्यात भोंगा वाजला, असा की ताटातलं सार हललं. पाळी सुटली होती. शकुनने लगेच चुलीवर चहाचं आधण ठेवलं, शेजारणीने नळाखाली बादली लावली, ओळीतली सगळी पोरं एकदम रस्त्यावर आली. कोणीही मनगटाकडे पाहिलं नाही. भिंतीवर घड्याळ नव्हतंच. हे सगळं गाव कानाने वेळ बघत होतं. मला वाटलं, नानाला इथेच आणून ठेवावं.

‘भोंगा आल्यापासून घडीचं काही कामच नाही राह्यलं जी,’ दामोदरजी म्हणाले. ‘मले तर वाटे, हिले आता कोण ऐकते?’

तेव्हाच मला काहीतरी खटकायला हवं होतं. नाही खटकलं.

डबा

वसंता आला, हातपाय धुतले, आणि आतून कपाटातला डबा घेऊन आला. पावडरीचा पत्र्याचा डबा, फडक्यात गुंडाळलेला. दामोदरजींनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला. मी झाकण उघडलं. आत ग्रीस होतं. पिवळं, घट्ट, काठोकाठ भरलेलं मशीनचं ग्रीस.

मी बघतच राहिलो. वसंताने अभिमानाने सांगितलं की जे मशीन चालवायचं नसतं ते ग्रीसमध्ये ठेवायचं, नाहीतर गंज चढतो, रशियातून येणारा माल असाच येतो. त्याने ग्रीसमध्ये बोटं घालून एक गोळा बाहेर काढला आणि फडक्यावर ठेवला. रुपयापेक्षा थोडा मोठा. मशीनवरची सोन्याची पेटी नव्हती, काच नव्हती, तबकडी नव्हती.

‘सोनं?’ मी विचारलं. 

दामोदरजींनी लेकीकडे पाहिलं. लेक गळ्यातलं डोरलं चाचपत उभी होती. दुर्गच्या सोनाराने पेटी मोडून तिचं डोरलं आणि कानातले केले होते. तबकडी काढताना फुटली. मशीन मात्र त्यांनी मागून परत आणलं, कारण घड्याळ म्हणजे मशीनच की. सोनं काय, वरचं टरफल. यात लपवायचं काय होतं त्यांना? घरात सोनं असेल तर ते लेकीच्या लग्नात मोडतात, माझ्या आईनेही तेच केलं होतं. मला भयंकर राग आला, आणि राग काढायला समोर कोणी नव्हतं. त्या पोरीच्या गळ्यात जे होतं ते जगात दुसरं मिळणार नव्हतं, आणि ते तिला शोभत होतं.

मी स्वतःला सावरलं. म्हटलं, पेटी गेली, जाऊ दे. नानाला सोनं कुठे बघायचं आहे? आवाज असला की झालं. मी घासलेट मागितलं. माझ्या पिशवीत रंगाचा बारका ब्रश असतोच. पितळेच्या वाटीत घासलेट घेऊन मी ओट्यावर बसलो आणि ते मशीन धुवायला लागलो. दोन वेळा घासलेट बदललं. हळूहळू ग्रीस सुटलं आणि खालून ते दिसायला लागलं. काय सांगू! चाकांना धरणाऱ्या पट्ट्यांचे इतके बारीक पूल, कडा अशा घासलेल्या की ऊन त्यांच्यावरून घसरत होतं. दामोदरजी वाकून बघत होते, कारण इतक्या वर्षांत त्यांनीही ते आतून कधी पाहिलं नव्हतं. चावीची दांडी वसंताने वेगळ्या कागदात नीट ठेवली होती. ती बसवली, दोन वळसे दिले, आणि चाक फिरायला लागलं. टिकटिक सुरू झाली. दामोदरजींच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, मी कशाला खोटं बोलू.

मग मी कडेची कळ ओढली.

आतून सर्र असा बारीक आवाज झाला. दोन इवल्या हातोड्या हलल्या. एक पाच वेळा उठली आणि पडली. मग दोन्ही. मग दुसरी. आवाज काहीच नाही. मी पुन्हा ओढली. पुन्हा तेच, हातोड्या मुकाट्याने हवेत पडत होत्या. मी मशीन उन्हात धरून फिरवलं. कडेने दोन तारा वेढलेल्या असायला हव्या होत्या. जिथे त्या बसतात तो ठोकळा होता, तारा नव्हत्या.

‘इथं दोन तारा होत्या ना?’ मी वसंताला विचारलं.

‘होत्या. काढल्या त्या मी,’ तो म्हणाला. ‘एक टोक मोकळंच होतं भाऊ, कुठंच जोडलं नव्हतं. मशीनमध्ये खुला टुकडा ठेवत नाही कधी, चाकात फसते. वही तो पहला सिखाते हैं हमको. म्हणून काढून टाकल्या.’

‘कुठं टाकल्या?’

‘शॉपमध्ये नेलं होतं मशीन ग्रीस भराले, तिथंच स्क्रॅपच्या पेटीत.’ मग माझा चेहरा पाहून त्याचा आवाज खाली आला. ‘ते तर गेलं असन भट्टीत. आता कोणत्या तरी रुळात असन.’

घंटेची तार एका टोकाला मोकळीच असते. मोकळी असते म्हणूनच वाजते. हे मी त्याला समजावून सांगितलं, आणि सांगत असताना त्याचा चेहरा जो उतरत गेला, तो बघून मला वाटलं, उगाच सांगितलं. त्याने चांगलंच केलं होतं. सोनार चुकला नव्हता, दामोदरजी चुकले नव्हते, आणि हा बिचारा तर जे शिकला तेच जिवापाड करत होता. सगळ्यांनी सांभाळून सांभाळून ते घड्याळ संपवलं होतं. आता हातोड्यांचे ठोके मोजून ते फक्त डोळे असलेल्या माणसालाच वेळ सांगू शकत होतं.

पोलादाच्या गावात

वसंता मला जाऊ देईना. म्हणाला, एक दिवस थांबा, इथं पोलादाचा काय तुटवडा आहे? दुसऱ्या दिवशी तो पाळीवर गेला आणि मी वेळ काढायला गाव बघितलं. बाजारात दोन रशियन बाया भेंडी निवडत होत्या आणि भाजीवाली त्यांच्याशी छत्तीसगडीत घासाघीस करत होती, तिघींचं छान जमत होतं. एक रशियन साहेब माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून हसला आणि त्याने आपलं दाखवलं. नवं कोरं, जाडजूड. त्याला अदलाबदल हवी होती. एरवी मी हा किस्सा नानाला रंगवून सांगितला असता. मी नुसता हात जोडून पुढे गेलो.

दुपारी वसंता तीन प्रकारच्या तारा खिशातून घेऊन आला, त्यात एक अगदी केसासारखी. आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत ओट्यावर वाकलो होतो. जाड तार बसेना. मधली बसली, पण कळ ओढली तशी हातोडी तिला अडकून राहिली आणि आत काहीतरी करकरलं, म्हणून घाईने काढावी लागली. बारकी तर नुसती लोळागोळा व्हायची. ज्याने ती मूळची तार बनवली त्याने ती तापवून, कापून, कानाने ऐकून ऐकून जमवली असणार. तसा कान तिथे कोणाकडेच नव्हता, माझ्याकडेही नव्हता. शेवटी वसंताने हात धुतले आणि तो भिंतीला टेकून बसला.

अंधार पडता पडता एकाएकी सगळं आभाळ तांबडं झालं. भट्टीची वितळलेली मळी ओतत होते म्हणे. ओट्यावरची माणसं, बादल्या, शकुनच्या गळ्यातलं डोरलं, सगळं लाल झालं आणि थोड्या वेळाने विझलं. लोक हे बघायला लांबून येतात. मला त्यात काहीच सुंदर वाटलं नाही. एवढ्या मोठ्या आगीत आमच्या दोन तारा गेल्या, हेच मनात होतं.

सकाळी निघताना दामोदरजींनी ते मशीन धुतलेल्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं. बदल्यात काही घ्यायला ते तयार नव्हते. ‘वकीलसाहेबाले सांगा,’ ते म्हणाले, ‘गोंदियाले देऊन टाकली असती तर बरं झालं असतं. मले तवा कावून नाही सुचलं, काय मालूम.’ मी त्यांच्या पाया पडलो. दुसरं काय करणार?

नागपूर

परतीची गाडी रुळांवरून धडधडत होती आणि मी एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही. स्टेशनवरून घरी जायची हिंमत होईना. आधी सीताबर्डीला गेलो, नानाच्या विश्वासाच्या घडीसाजाकडे. त्याने भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं, आणि मशीन माझ्याकडे सरकवलं. म्हणाला, अशी तार इथे होत नाही, बाहेरून येत नाही, आणि मी हात लावला तर आहे तेही जाईल.

घरी नाना पडवीत बसून होता. धुतलेला सदरा घातला होता, दाढी केली होती. वहिनीने घड्याळांची पेटी त्याच्या शेजारी आणून ठेवली होती, कारण त्याने सकाळीच मागितली होती. माझी चाहूल लागताच त्याने तळहात पुढे केला. सगळं आधी सांगायचं असं मी गाडीत ठरवलं होतं, शब्दही जुळवले होते. पण तो हात बघितला आणि ते राहून गेलं. मी मशीन त्याच्या तळहातावर ठेवलं.

त्याची बोटं कडेने फिरली. ‘पेटी नाही?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, लग्नात मोडली. ‘चालते. सोनं घेऊन काय करू मी?’ तो म्हणाला. ‘वाजव.’

मी कळ ओढली आणि मशीन त्याच्या कानाशी धरलं. सर्र झालं. हातोड्या हलल्या. मला दिसत होतं, पाच वेळा जाड आवाजाची, मग दोन्ही एकदा. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. नाना श्वास धरून ऐकत होता. हातोड्या थांबल्या तरी तो तसाच होता. मग त्याने माझं मनगट चाचपून धरलं.

‘वाजलं,’ तो म्हणाला. ‘गोंदियाले असंच वाजलं होतं.’

वहिनी आत निघून गेली. नानाने मशीन फडक्यात गुंडाळलं, पेटीत ठेवलं, कडी घातली आणि पेटी आपल्यापासून दूर सरकवली. भिलाईचं विचारलं. मी रशियन साहेबाचा किस्सा सांगितला, तो हसलासुद्धा. चहा आला, त्याने अर्धा घेतला आणि कप खाली ठेवला. बाहेर ऊन उतरत होतं, ते त्याला दिसत नव्हतं.

थोडा वेळ गेला. मग नाना म्हणाला, ‘किती वाजले रे, बापू?’